पहिला प्रश्न

आमच्या समाजशास्त्र संशोधन केंद्रात दर बुधवारी दुपारी कुणीतरी आपला निबंध वाचतं आणि मग चर्चा होते. पहिला प्रश्न कायम मोहिते सरांचा. निवृत्त झाल्यावरही ते यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि वाचन संपलं की विचारायचे, "ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना हे वाचून दाखवलंत का?" आम्हाला तो प्रश्न पाठ झाला होता. खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा.

सर गेल्यानंतरचा हा पहिलाच बुधवार. ती खुर्ची रिकामी होती. तिथं बसू नका, असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याच एका विद्यार्थिनीनं वीटभट्टीवरच्या बायकांवर लिहिलेला निबंध वाचून संपवला. अध्यक्षांनी "प्रश्न?" म्हटलं, आणि कुणीच बोलेना. पंख्याचा तेवढा आवाज. समाज म्हणजे काय, यावर या खोलीत किती वाद झाले असतील. पण ज्याच्या बोलण्याला आपण कंटाळतो, त्याच्याच बोलण्यासाठी असे सगळे मिळून थांबून राहतो, याला काय म्हणायचं ते आमच्यापैकी कुणी कधी लिहिलेलं नाही.

शेवटी, सरांशी आयुष्यभर वाद घालत आलेल्या शेवडे मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या बायकांना हे वाचून दाखवलंस का गं?"

ती मुलगी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "नाही सर. अजून नाही."