पोवळ्या रंगाची भिंत

ताईला पाहायला पाहुणे येणार होते, म्हणून बाबांनी समोरची खोली रंगवायला काढली. रंग निवडायचं काम माझ्याकडे आलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि शिकते तेही घर सजवायचंच. "पोरगी त्याचंच शिकून राह्यली, तिले विचारा," असं बाबा पेंटरला सांगत.

रिसोडच्या दुकानातून मी पोवळ्या रंगाचा डबा आणला. आमच्या पुस्तकात त्याला कोरल म्हणतात. नारिंगी आणि गुलाबीच्या मधला. या रंगानं लहान खोली ऊबदार वाटते, असं मी घरी सांगितलं. ते खरंच होतं. पण माझं कारण वेगळं होतं. भिंतीचा रंग जवळ बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उतरतो आणि या रंगाजवळ चेहरा उजळ दिसतो, असं बाईंनी वर्गात सांगितलं होतं. ताई सावळी आहे. आधीच्या दोन स्थळांनी 'कळवतो' म्हटलं होतं, आणि कळवलं नव्हतं.

पेंटरनं दुसरा हात मारला तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "काय वं, हे तं फोडलेल्या टरबुजावानी दिसून राह्यलं!"

"वाळलं की बसते रंग," मी म्हणाले. खरं तर मलाही खात्री नव्हती.

रंग वाळल्यावर मी खिडकीसमोरच्या भिंतीशी खुर्ची मांडली, ताईला बसवलं आणि मोबाइलवर फोटो काढला. तिला दाखवला. तिनं तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"हे मीच का?"

"चांगली दिसतेस ना?"

"खुर्ची भिंतीले एवढी खेटवून काहून ठेवली?"

मला खोटं सुचलं नाही. बाईंनी सांगितलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं.

"तिथं जाऊन हे शिकली का तू?" ती म्हणाली. "अन् लग्न झाल्यावर? भिंत डोक्यावर घेऊन हिंडू का मी?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

पाहुणे आले त्या दिवशी तिनं स्वतःच खुर्ची उचलली आणि बाहेर ओसरीत, जुन्या निळ्या चुन्याच्या भिंतीपाशी ठेवली. "आत उकडते," एवढंच म्हणाली. मुलाच्या काकूंनी आत डोकावून रंगाचं कौतुक केलं. "आमच्या धाकटीनं निवडला," बाबा म्हणाले. ताई खाली मान घालून पोह्यांच्या बश्या देत होती.

त्यांनीही 'कळवतो' म्हटलं आहे. ताई त्या खोलीत बसत नाही. धान्य निवडायचं असलं तरी सूप घेऊन ओसरीत जाते. तो फोटो मी पुसायला हवा होता. अजून पुसला नाही. तिच्या सगळ्या फोटोंत मला तोच जास्त आवडतो, आणि हे तिला कधी कळू नये असं वाटतं.