मुई लानचा कप

थंगराजूच्या भंगाराच्या आवारात ते कॉफी दळायचं यंत्र बरेच महिने पडून होतं. कमरेएवढं उंच, लाल रंगाचे पोपडे निघालेले, वरच्या पत्र्याच्या नरसाळ्यात पालीनं संसार मांडलेला. वून टी हाँग रोज बाजाराला जाताना त्याच्याकडे बघायचा आणि पुढे जायचा. एका सोमवारी मात्र तो थांबला.

"अंकल, हे घेऊन काय करणार?" थंगराजूनं विचारलं. "दुकान तर कधीच बंद केलंत. आता घरी बसून अख्ख्या तेलुक इंतान गावाला कॉफी पाजणार की काय?"

"एकच कप करायचाय."

"एका कपासाठी हे धूड? पुडी आणा की दुकानातून!"

"तिला पुडीची चालत नाही."

थंगराजूनं यंत्र हातगाडीवर चढवलं आणि स्वतः ढकलत वूनच्या दारापर्यंत आणून दिलं.

ती म्हणजे मुई लान, वूनची बायको. तिला जाऊन तीन वर्षं पुरी व्हायला तीन आठवडे उरले होते. एकतीस वर्षं दोघांनी कॉफीचं दुकान चालवलं. वून पुढे गल्ल्यावर, तोंडाची टकळी चालू. मुई लान मागे, वूनच्या पाठीशी, यंत्रावर आणि चुलीवर. लोक वूनच्या गप्पांना हसायचे, पण यायचे तिच्या कॉफीसाठी. हे वूनलाही ठाऊक होतं, फक्त त्यानं तिला ते कधी बोलून दाखवलं नाही. ती गेल्यावर महिन्याच्या आत त्यानं दुकान बंद केलं आणि तिचं यंत्र इपोह शहरातल्या एका व्यापाऱ्याला विकून टाकलं. ते समोर दिसलं की घास उतरत नव्हता. पण विकताना अक्कल कुठे गहाण ठेवली होती, असं तो पुढे स्वतःलाच विचारत बसला.

कारण दर वर्षी ती गेली त्या दिवशी टेबलावर तिचं ताट मांडायचं होतं. वाफवलेली कोंबडी, भात, आणि कप. उदबत्ती निम्मी जळली की दोन नाणी टाकून कौल घ्यायचा, झालं का म्हणून. एक छाप आणि एक काटा पडला, तर माणूस जेवून तृप्त झालं, ताट उचला. दोन्ही सारखी पडली तर अजून नाही, थांबा. पहिल्या वर्षी मुई लाननं पाच वेळा नाही म्हटलं. दुसऱ्या वर्षी नऊ वेळा. कोंबडी गार पडली, वून तिथेच बसून राहिला. मेलबर्नहून लेक फोनवर म्हणाली, "पप्पा, नाणी आहेत ती. कशीही पडतात." वूनला ते पटलं नाही. पुडीची कॉफी ठेवली होती, दुसरं काय होणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मुई लानची मेल्यावरही गेली नव्हती.

आता या वर्षी तिला तिच्या हातची असावी तशी कॉफी द्यायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्यानं यंत्र स्वयंपाकघरात जमिनीवर उघडलं. दळणाऱ्या दोन पोलादी चकत्या साखरेनं बुजून गेल्या होत्या. इकडे दाणे साखर आणि मार्जरिनमध्ये भाजतात, ती साखर वर्षानुवर्षं चकत्यांच्या दातांत बसून दगड होते. वूननं चकत्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्या, बांबूच्या काडीनं एकेक दात कोरला. कोरल्यावर कळलं की दात केव्हाच बोथट झालेत. नव्या चकत्या मागवल्या. मोटर नुसती गुरगुरायची, फिरायची नाही. कपॅसिटर बदलला, पट्टा बदलला. शेवटी मूठभर तांदूळ दळून आतली सगळी घाण बाहेर काढली. खरं सांगायचं तर त्या दिवसांत वूनला बरं वाटत होतं. घरात कुणी आजारी असावं आणि आपण त्याचं करावं, तसं.

तिच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दाणे आणले, तिच्याच भट्टीवाल्याकडचे. दळणाची जाडी ठरवायच्या स्क्रूपाशी आकडे होते. मुई लानचा आकडा चार, हे वूनला पक्कं आठवत होतं. त्यानं चारवर दळलं, कापडी गाळणीत पाणी ओतलं, आणि कपात उतरला तो चिखल. कडूजहर.

चार हा तिच्या झिजलेल्या यंत्राचा आकडा होता. नव्या दातांचं चार वेगळं. मग तिची खरी जाडी कोणती? वूनला सांगता येईना. एकतीस वर्षांत त्यानं एकदाही मागे वळून नीट बघितलं नव्हतं. त्याला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली.

बघितलं नव्हतं, पण ऐकलं होतं.

त्यानं कुंपणापाशी जाऊन शेजारच्या रोहायाला हाक मारली. ती ओले हात पुसत स्वयंपाकघरात आली.

"अंकल, पंधरा दिवस काय घरघर लावलीय! माझी कोंबडी अंडी द्यायची थांबली."

"हा स्क्रू धर. मी सांगेन तसा फिरव."

"आणि तुम्ही कुठे चाललात?"

वूननं यंत्र चालू केलं आणि खुर्ची घेऊन त्याच्याकडे पाठ करून बसला. "सैल कर. अजून. अजून थोडा."

"भिंतीशी बोलताय की माझ्याशी?"

"गप गं! अजून जरा... थांब. थांब, हाच आवाज!"

रोहायानं मागे वळून पाहिलं तर म्हाताऱ्याची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. तिनं यंत्र बंद केलं नाही, तसंच चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट मांडलं. कोंबडी, भात, आणि घट्ट दूध घातलेली कडक कॉफी. उदबत्ती निम्मी झाली. वूननं नाणी ओंजळीत खुळखुळवली.

"काय गं, झालं का?"

एक छाप, एक काटा. पहिल्याच खेपेला.

वून हसला. मग हसू मावळलं. पहिल्या वर्षी तो तिच्याबरोबर तासभर बसला होता, दुसऱ्या वर्षी दोन तास. कोण वारलं, कुणाचं दुकान मोडलं, लेकीचा फोन किती दिवसांनी येतो, सगळं तिला सांगितलं होतं, चिडवलं होतं, विनवलं होतं. वर्षभरात तो मनातलं तेवढंच काय ते बोलायचा. पोट भरलं की माणूस उठतं, हे यंत्र दुरुस्त करताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ताट उचलायला हवं होतं. त्यानं नाणी सदऱ्याच्या खिशात टाकली, आत जाऊन यंत्र चालू केलं, आणि तिच्यासाठीच दुसरा कप आणून पहिल्याशेजारी ठेवला.

या खेपेला त्यानं झालं का म्हणून विचारलं नाही. खुर्ची ओढून जवळ बसला.

"अगं, त्या थंगराजूच्या आवारात ना," त्यानं सांगायला सुरुवात केली.