नाव न सांगणाऱ्या देठबाई

फोनवरचा एखाद्या झाडाचा फोटो पुढे केला की देठबाई चष्मा कपाळावर सारायच्या आणि म्हणायच्या, "फोटोला चीक येत नाही. देठासकट आणा." देठासकट नेलं की तो मोडून बघायच्या, हुंगायच्या. मग बहुतेक वेळा शांतपणे सांगायच्या, "माहीत नाही." साताऱ्यातल्या एका कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं होतं. देठबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं आणि त्यांना ठाऊक असलेलं.

'असेल' या शब्दाचा त्यांना राग होता. "असेल हे कुठल्या झाडाचं नाव नाही," म्हणायच्या. आमच्या शेजाऱ्यांनी नर्सरीतून एक वेल आणली होती. नर्सरीवाल्याने एक नाव सांगितलं, मोबाइलने दुसरं. देठबाई म्हणाल्या, "फूल येऊ दे." वेलीला फूल यायला दोन पावसाळे गेले. शेजारी प्रश्न विसरले होते. फूल दिसलं त्या सकाळी देठबाईंनी त्यांची बेल वाजवली, दारातच नाव सांगितलं आणि चहा न घेता परतल्या. आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या मला हे आवडायचं. घरातल्या बाकीच्यांना तो हट्ट वाटायचा.

गेल्या कार्तिकी एकादशीला माझा मेहुणा पाटणकडून रानातले कंद घेऊन आला. वेली वाळल्यावर बांधावर खणलेले, मुळ्या काढून स्वच्छ धुतलेले. आईचा उपवास, म्हणून कंद उकडल्यावर पहिलं ताट तिला. एक लांबट कंद तिने अर्धा खाल्ला आणि "कडू हाय गं," म्हणून बाकीचा बाजूला ठेवला. आम्ही हात आवरले. संध्याकाळी तिच्या घशात आग पडली, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाईन लावलं. सकाळी ती उठून बसली आणि घरी चला म्हणू लागली, तिला बारस सोडायची होती. डॉक्टर म्हणाले, "कंद कोणता ते कळायला हवं. नुसता खाजरा असेल तर आज सोडतो."

उरलेला अर्धा कंद मी डब्यात घालून ठेवला होता. मी फोन केल्यावर देठबाई दवाखान्यात आल्या, त्यांनी तो बोटांत फिरवला. "माहीत नाही."

मेहुणा भडकला. "आवं बाई, एवढी वर्सं पोरांस्नी शिकवलं आन् एका कंदाचं नाव सांगता येत न्हाई?"

"उकडलेल्याचं नाही येत. वेल कुठाय?"

"टाकली बांधावर."

"मग चला बांधावर." डॉक्टरांना म्हणाल्या, "नाव कळेपर्यंत विषारी धरून चाला." आणि मला म्हणाल्या, "बरं वाटतंय म्हणाल्या तरी आईंना हलवायचं नाही."

मेहुण्याच्या गाडीतून दोघं गेले. इकडे आई माझ्यावर चिडलेली. "त्या बाईला कळत न्हाई म्हणून मी हितं उपाशी पडू व्हय? पोरा, सुई काढाया सांग." दुपार होईतो मलाही वाटू लागलं की न्यावं घरी. तिचा चेहरा चांगला दिसत होता. मी दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

मग फोन आला. देठबाईंना धाप लागली होती. "दोन वेली एकमेकींत गुंतल्यात. एक खायच्या कंदाची. दुसरीच्या वाळक्या पानांची टोकं तारेसारखी वेटोळी आहेत, बोंडं फुटून लाल बिया दिसतायत. तिच्याही मुळाशी खणलंय. कळलावी आहे. हिचं विष आधी दबून राहतं, मग उलटतं. डॉक्टरांना फोन द्या."

डॉक्टरांनी आईला लगेच अतिदक्षता विभागात हलवलं. त्याच संध्याकाळी तिचा रक्तदाब कोसळला, लघवी थांबली. पुढे बरेच दिवस आम्ही काचेपलीकडून तिला पाहत होतो. ती वाचली. केस मात्र मूठमूठ गळून सगळे गेले.

मेहुणा खोरं घेऊन बांधावरच्या साऱ्या कळलाव्या उपटायला निघाला होता. देठबाईंनी त्याला अडवलं. "ती तिथलीच आहे हो. तिच्यावर कशाला राग? ओळखून राहा म्हणजे झालं."

यंदा गुडघे थकले म्हणून त्या लेकीकडे मिरजेला राहायला निघाल्या. हे कळल्यावर आईने हट्ट धरला, "मला ती वेल दाखवा. बाई जायच्या आत." श्रावणातल्या एका सकाळी आम्ही पाटणला गेलो. कुंपणभर लाल-पिवळी फुलं जाळासारखी वर उठली होती. नुकते उगवलेले केस पदराखाली झाकून आई बराच वेळ बघत राहिली.

"लय देखणी हाय गं बया. हिनंच व्हय?"

"हिनंच," देठबाई म्हणाल्या.

"बाई, तवा बारस सोडू दिली न्हाई म्हणून म्या तुमाला लय शिव्या घातल्या."

"घालणारच. पोटात भूक होती तुमच्या."

परतताना बांध निसरडा होता. दोघींचेही पाय थकलेले. आईने देठबाईंचा हात धरला आणि गाडीपाशी पोचल्यावरही सोडला नाही. मागच्या सीटवर दोघी तशाच बसून साताऱ्यापर्यंत आल्या. दुसऱ्या दिवशी देठबाई मिरजेला गेल्या.