बाईंच्या घरावरून गेलेली लाट

"आधी पंखा बंद कर, मग बोल," असं म्हणून बाई स्वतःच उठायच्या आणि बटण दाबायच्या. कोलकात्यातला मे महिना असो की समोर घामाघूम पाहुणा असो, बाईंच्या घरी गप्पा मारायच्या त्या पंख्याविना. पहिल्या दिवशी मला वाटलं, वीज वाचवतात. तेवढ्यात आतल्या खोलीतून टकटक असा बारीक आवाज आला आणि बाई वाक्य अर्धवट टाकून आत गेल्या.

आत बाईंचे यजमान, काका, होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. काही हवं असलं की डाव्या हातातली अंगठी ते पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायचे. पंख्याच्या घरघरीत तो आवाज बुडून जायचा.

बँकेने माझी बदली नागपूरहून कोलकात्याला केली तेव्हा मी एकटीच आले. सॉल्ट लेकमध्ये लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं आणि समोरच्या दारावर चक्क मराठी आडनाव दिसलं. दोघंही कोलकात्यातच जन्मलेले. काका बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनीअर होते, बाई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्यांचं मराठी स्वच्छ, थोडं पुस्तकी, पण काही अडलं की तोंडून बंगालीच निघायचं, "की मुश्किल!", म्हणजे काय ही पंचाईत. शिक्षिका म्हणून मी त्यांना बाई म्हणू लागले. ते ऐकून खालचा दारवान भलताच ओशाळला. इतक्या मोठ्या मॅडमना ही मोलकरणीसारखी हाक मारते, असं त्याला वाटलं. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्याचं फारसं चुकत नाही."

सकाळी काकांना पुसून काढणं, खिमट भरवणं, कूस बदलणं, औषधं, पुन्हा कूस बदलणं. दुपारी एक आया यायची, तेव्हा बाई खालच्या दुकानापर्यंत जाऊन यायच्या. त्याच्या पलीकडे त्यांचं जग नव्हतं. नोकरी त्यांनी केव्हाच सोडली होती. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. आपण थोडा वेळ बसतो, चहा पितो आणि जिना उतरताना सुटल्यासारखं वाटतं. मग त्या वाटण्याची लाजही वाटते.

बाईंनी डॉक्टरेट कशात केली होती, हे मला बरंच उशिरा कळलं. गुरुत्वीय लहरींत. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच थरथरतं आणि तो थरार लाटेसारखा सगळीकडे पसरतो. आपल्यापर्यंत येईतो तो इतका क्षीण होतो, की यंत्रात बाकीच्या हजार खडखडाटांत हरवतो. त्या खडखडाटातून तो गणिताने कसा वेगळा काढायचा, यावर बाईंनी काम केलं होतं. तेव्हा अशी लाट कुणीही पकडलेली नव्हती. "माझी नणंद म्हणायची, वहिनींनी न सापडणाऱ्या वस्तूत डॉक्टरेट केलीय," बाई हसून सांगायच्या.

"आणि सापडली तेव्हा?" मी विचारलं.

"मी ह्यांना भरवत होते. जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. खांद्याने फोन धरला, हातात चमचा. तो रडत होता. मी म्हटलं, छान झालं, नंतर बोलते. सगळे विचारतात, किती आनंद झाला असेल. मला राग आला होता गं. मी तिथे असायला हवी होते. वाटी आपटून ठेवली मी. हे घाबरले."

मग त्यांनीच समजूत घातल्यासारखं पुढे सांगितलं, "बातमी जाहीर झाली त्याच्या काही महिने आधीच ती लाट पृथ्वीवरून गेली होती. तिला कशाचाच अडसर नसतो. भिंती, डोंगर, माणसं, सगळ्यांतून जाते. म्हणजे या खोलीतूनही गेलीच. मी बहुतेक तेव्हाही खिमट ढवळत असेन."

आमच्या छोट्याशा मराठी मंडळात मी त्यांचं व्याख्यान ठरवलं. आयाला जास्त वेळ थांबवलं. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. टॅक्सीत त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या आणि नव्या मेट्रोचे खांब मला दाखवत होत्या, जणू मी रोज तिथून जात नव्हते.

बोलल्या मात्र फार सुंदर. काटकोनात लांबच लांब दोन नळ्या, त्यांत सोडलेला लेसरचा प्रकाश, लाट गेली की एक नळी किंचित ताणली जाते आणि दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे किती, तर अणूच्या गाभ्याहूनही कमी. मग म्हणाल्या, "दोन विझलेले, अतिशय जड तारे आदळले तर सोनंही तयार होतं. अशा एका टकरीची लाटही सापडली आणि उजेडही दिसला." पुढच्या रांगेतल्या एका वहिनींनी नकळत मंगळसूत्र चाचपलं. सभागृह हसलं.

एक निवृत्त बँक मॅनेजर उठले. "बाई, हे सगळं उत्तम. पण सामान्य माणसाला याचा उपयोग काय?"

"यंत्र बनवताना लागलेले आरसे, लेसर, कंप थोपवायच्या युक्त्या, याचा उपयोग होईल, होतोही आहे. लाटेचा काय होईल ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण आजवर आपण विश्व फक्त पाहत होतो. जिथून उजेडच येत नाही तिथलं काही कळायचा मार्ग नव्हता. आता तिथूनही..."

तेवढ्यात फोन वाजला. आयाचा होता. काका उलटी करत होते. बाईंनी माफी मागितली, पर्स उचलली आणि त्या वाक्यासकट बाहेर पडल्या. गाडीत एवढंच म्हणाल्या, "की मुश्किल." काकांना विशेष काही झालं नव्हतं.

त्यानंतर त्यांच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. महाराष्ट्रात हिंगोलीजवळ अशा लाटा टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे आणि तिकडच्या शिक्षकांसाठी आठ दिवसांचं शिबिर आहे, बाई आल्याच पाहिजेत. बाई नाही म्हणाल्या. मी हट्टाला पेटले. रजा टाकली, दिवसरात्रीच्या आया ठरवल्या, तिकीट काढलं. शेवटी बाईंनी माझ्यासमोर काकांना विचारलं, "जाऊ का?" काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि दाराच्या दिशेने हलवला. जा.

निघायच्या दोन दिवस आधी काकांना ताप भरला. छातीत कफ झाला, हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. शिबिर संपायच्या आत काका गेले.

भेटायला येणारे हळू आवाजात म्हणायचे, "त्यांची सुटका झाली, तुमचीही झाली." एकदा सगळे गेल्यावर बाईंनी माझा हात धरला. "ह्यांनी जा म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं, बाई."

पुढचं शिबिर ठरलं, बोलावणं पुन्हा आलं. बाईंनी पुन्हा नाही म्हटलं. आता कुणी अडवायला नव्हतं, म्हणून मी जरा चिडूनच कारण विचारलं.

"आता मी गेले, तर इतकी वर्षं ह्यांनीच मला अडवून ठेवलं होतं असं ठरेल," त्या म्हणाल्या. "तसं नव्हतं ते."

बाई त्या शिक्षकांना दर रविवारी फोनवर शिकवू लागल्या. तिकडून कुणी गुरुजी विचारत, शेतात मोजणी झाली, पण यंत्र कधी येणार, आणि बाई तासभर उत्तरं देत. हिंगोलीला मात्र त्या अजून गेलेल्या नाहीत.

माझी परत नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी बाई फाटकापर्यंत आल्या, मग बोलत बोलत बसथांब्यापर्यंत. पायात घरातल्याच चपला. तिथे मी टॅक्सी पकडली आणि ती पुढच्या सिग्नलला थांबल्यावर मागच्या काचेतून पाहिलं. सियालदह स्टेशनकडे जाणारी बस येऊन थांबली. कंडक्टर दारातून हाताने त्यांना बोलावत होता. बाईंनी दांडीला हात लावला, एक पाय पायरीवर ठेवला. मग तो खाली घेतला आणि मान हलवून कंडक्टरला काहीतरी सांगितलं. बस गेली. बाई तिथेच उभ्या राहिल्या, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत.