पत्र्यावरचा दुसरा ठोका

गेल्या हिवाळ्यात लेकीनं आग्रह करून मला म्हैसमाळला नेलं. तिथं आता डोंगरावर तंबूत राहायची, गाडी लावून मुक्काम करायची सोय झाली आहे. आम्ही पोचलो तेव्हा पुण्याकडचं एक जोडपं आपली मोठी गाडी आखून दिलेल्या जागेत लावायच्या खटपटीत होतं. गाडी कसली, चाकांवरचं घरच ते. आत गॅस, बिछाना, भांडी घासायची मोरीसुद्धा. बिचारा नवरा घामाघूम होऊन ती मागं घेत होता आणि न बोलावता पाचजण त्याच्या मदतीला हजर झाले होते. एक म्हणत होता येऊ द्या, दुसरा म्हणत होता डावीकडं वळवा, आणि तिसऱ्याचे हात असे हलत होते की त्याला गाडी बोलवायची आहे की कावळे हाकलायचे आहेत ते कळेना. बारभाईंची शेती, काय लागेल हाती. आपल्याकडं रस्त्यात कुणाला चक्कर आली तर लोक लांबून बघतील, पण गाडी रिव्हर्सला टाकली रे टाकली की हातातला चहा ठेवून धावत येतील.

त्यातल्या एकानं मला हाक मारली, की काका, तुम्ही त्या झाडाच्या बाजूनं जरा लक्ष ठेवा. मी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि टपरीकडं चालू लागलो. लेक मागून आली. तुम्ही कधीच कुणाच्या गाडीला हात लावत नाही, एवढं काय असतं त्यात, असं तिनं विचारलं. मी थंडीचं निमित्त सांगितलं. खरं कारण तिला माहीत नाही. ते आता लिहूनच टाकतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एसटीत ड्रायव्हर होते. कन्नडचा घाट त्यांनी भर पावसात, धुक्यात, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागून हजारदा उतरला असेल, पण सगळ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा त्यांना बिल्ला मिळाला होता. तो आमच्या देवघरात असायचा आणि आई रोज देवांबरोबर त्यालाही पुसायची.

एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. गाडी मागं घेताना कंडक्टर पाठीमागं जाऊन पत्र्यावर हात मारतो, तिथंही तोच कायदा. एक ठोका थांब, दोन ठोके येऊ दे. हा कायदा अण्णांनी घरातही लावला होता. न्हाणीच्या दारावर आतून एक ठोका पडला की थांबायचं, दोन पडले की गरम पाण्याची बादली दारात नेऊन ठेवायची. आम्ही भावंडं लहानपणी या ठोक्यांवर वाढलो. माझी बायको नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवावं लागलं आणि ती हसून हसून बेजार झाली.

रिटायर झाल्यावर अण्णांनी जुनी सतरा सीटची गाडी घेतली. वेरूळ, खुलताबाद, लग्नाची वऱ्हाडं, अशी भाडी असायची. आमचं घर पदमपुऱ्याच्या बाजूला, अरुंद गल्लीत. घराची भिंत आणि शेजारच्या कंपाउंडची भिंत यांच्यामधे एक बोळ होता. गाडी रात्रभर उभी राहायची ती तिथं, आणि तिथं जायची ती फक्त उलटी. दोन्हीकडं चार-चार बोटं जागा उरायची. संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली की मदतनीस गोळा व्हायचे. समोरचे टेलरचाचा मशीन सोडून यायचे. शेजारचे रिटायर मास्तर यायचे, ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती, पण स्टिअरिंग किती फिरवायचं ते अण्णांना सांगायचे. अण्णा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "मास्तर, मला आरसे हायेत. तुमी बाजूला व्हा, नायतर तुमाला घिऊनच आत जाईन." आणि एका दमात गाडी आत. मास्तरांना वाटायचं आपल्यामुळंच गेली.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग अण्णा बदलले. गल्लीच्या तोंडाशी येऊन ते इंजिन चालू ठेवून थांबायचे, बारीकसा हॉर्न द्यायचे आणि टेलरचाचा बाहेर आले की मगच गाडी मागं घ्यायचे. चाचांना त्यांनी ठोक्यांचा कायदा शिकवला. चाचांना त्याचा केवढा अभिमान. गिऱ्हाईकाचं माप घेत असले तरी टेप गळ्यात तशीच ठेवून यायचे. अण्णांनी अंधार पडल्यावरची भाडी घ्यायचं सोडलं, समोरच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणाले. एकदा भिंतीला गाडी घासली तर गवंड्यानं गिलावा जाड केलाय म्हणाले. मला हे सगळं दिसत होतं आणि मी खूश होतो. म्हातारपणी माणूस निवळतो, लोकांचं ऐकायला लागतो, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा. माझ्याइतका आंधळा त्या घरात दुसरा कुणी नव्हता.

मी तेव्हा शेंद्र्याला कंपनीत होतो. कंपनीची बस लवकर सोडायची, तेव्हा मीही बोळाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहू लागलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. चाचा डावीकडं, मी उजवीकडं. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला बजावलं, की बघायचं असेल तर बघ, पण पत्र्याला हात लावायचा नाही. हुकूम एकाचाच पाहिजे, दोन कंडक्टरांची गाडी दरीत जाते. मी मान डोलावली. त्यांच्या असल्या बोलण्याला आम्ही लहानपणापासून मान डोलावत आलो होतो.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. तेव्हाही यायचं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं आणि त्या दिवशी घरातलं माणूस बाहेर जायचं नाही. आमचा नळ होता त्या बोळात, अगदी टोकाला, जमिनीखाली हातभर खड्ड्यात. म्हणजे वाकून, जवळजवळ आडवं होऊन पाइप लावावा लागायचा. पाणी यायच्या दिवशी अण्णा गाडी बाहेरच ठेवायचे. हे घडलं त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

संध्याकाळचं ऊन अजून होतं. गाडी निम्मी बोळात आली होती. तेवढ्यात मागच्या घरातून कुणीतरी ओरडलं की पाणी आलं. कधी नव्हे ते वेळेच्या आधी आलं. आई स्वयंपाकघरात होती. तिथलं दार बोळातच उघडायचं. गाडीचा आवाज तिला येत असणार, पण पाणी आलं म्हटल्यावर आमच्याकडच्या बाईला दुसरं काही ऐकू येत नाही. ती पाइप घेऊन निघाली आणि खड्ड्यात वाकली, तोवर गाडी जवळजवळ टोकाला आली होती.

चाचांनी तिला पाहिलं आणि पत्र्यावर हात मारला, एकदा. मला त्याच वेळी तिची वाकलेली पाठ दिसली. माझा हात माझ्या आधी उठला. मीही एकदाच मारला.

मागचा लाल दिवा लागला आणि विझला. तो दिवा मला अजून दिसतो. चाचांच्या ठोक्याला अण्णांनी ब्रेक दाबला होता आणि माझ्या ठोक्याला सोडला. गाडी आणखी हातभर मागं आली, जास्त नाही. एवढ्यात काय होतं, असं वाटेल. पण तिच्या मागं भिंत होती.

आई वाचली. तिचा खुबा मोडला आणि एक पाय कायमचा आखडला. ती फार ओरडलीसुद्धा नाही, नळ बंद करा एवढंच म्हणाली.

ऑपरेशन चालू असताना आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो. चाचा रडत होते. मैं एकच मारा, खुदा कसम एकच मारा, एवढंच परत परत म्हणत होते. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांना घरी पाठवलं आणि मग माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"म्या दोन ऐकले. पैल्याला ब्रेक मारला, दुसरा पडला म्हून सोडला. तू तिथंच व्हतास. किती पडले?"

आमच्या शेजारी मामा बसले होते, बायको होती. माझा हात अजून झोंबत होता, खरंच झोंबत होता, इतक्या जोरात मी तो मारला होता. मला भीती वाटली. त्यापेक्षा मोठं काही कारण मी आजवर शोधून पाहिलं, सापडत नाही.

"एकच पडला, अण्णा," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मंग कान बी गेले."

बी म्हणजे काय, असं मामांनी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. काचबिंदू होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. कडेचं सगळं गेलं होतं. दोन्ही आरसे त्यांच्यासाठी नव्हतेच. दोन वर्षं ते मान वळवून वळवून गाडी चालवत होते आणि मागं घेताना पत्र्यावरच्या ठोक्यावर भरवसा टाकत होते. ज्या फुकटच्या मदतीची त्यांनी जन्मभर टर उडवली, तिच्यावरच त्यांचं सगळं चाललं होतं.

मामा त्यांना खूप बोलले. मीही बोललो. बोललो म्हणजे आवाज चढवून बोललो, सतरा माणसं घेऊन फिरत होतात, काही वाटलं नाही का, असं विचारलं. ते खरंच होतं. त्यांनी गाडी चालवायलाच नको होती आणि आजही मी तेच म्हणेन. पण त्यांनी मला डोळ्यांबद्दल विचारलं नव्हतं, ठोक्यांबद्दल विचारलं होतं. मी त्यांच्या गेलेल्या डोळ्यांच्या आड लपलो आणि तिथं मला कुणी शोधायला आलं नाही.

गाडी विकली. अण्णांनी आईला बिल्ला देवघरातून काढायला लावला आणि ट्रंकेत टाकला. दीड-दोन वर्षांत उरलेली नजरही गेली. डोळे गेलेली माणसं कानांवर चालतात. आमच्याच गल्लीत एक म्हातारे होते, ते नुसत्या आवाजावर मशिदीपर्यंत जाऊन यायचे. अण्णा मात्र घराच्या उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. हॉर्न ऐकू आला तरी तो डावीकडून आला की उजवीकडून, हे माझ्या बायकोला विचारायचे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की आईला विचारायचे, किती झाल्या? आई तीन म्हणायची. मला बी तीनच वाटल्या, असं म्हणायचे, पण आधी विचारून घ्यायचे. न्हाणीच्या दारावर ठोके मारायचं त्यांनी सोडून दिलं. आतून नुसती हाक मारायचे. अपघातानंतरची नऊ वर्षं त्यांची अशीच गेली, बहुतेक खाटेवर बसून.

सांगायचं मी कितीदा ठरवलं. त्यांची नखं कापताना, दाढी करताना. तोंड उघडायचो आणि पावसाचं काहीतरी बोलायचो. आता सांगून काय होणार, उलट त्यांना त्रास होईल, असं मनाला समजवायचो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तेवढंही नव्हतं. एके दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. माझं सांगायचं राहून गेलं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. घरात मी आणि आई. ती वॉकर धरून ओट्यापाशी उभी होती. कुकरची शिट्टी झाली. एक, आई मोठ्यानं म्हणाली. दुसरी झाली, दोन. तिसऱ्या शिट्टीला तिनं तोंड उघडलं आणि गप्प झाली, कारण विचारणारं कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. त्या दिवशीचा दुसरा ठोका माझा होता, असं मी तिच्या पाठीला सांगितलं. ती वळली नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "मी गाडीमागंच व्हते की. दोनी ऐकले."

मग अण्णांना का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. मला तिचा राग आला होता. असा राग येण्याचा हक्क मला कुणी दिला होता, कोण जाणे.

"इचारलं व्हतं त्यांनी. दवाखान्यातच, मी सुदीवर आले तवा. पर पोरगा एक म्हणतोय, हे बी त्यांनीच सांगितलं." तिनं गॅस बंद केला. "मंग म्या बी एकच सांगितला."

त्यांनी आधी मला विचारलं होतं, मग तिला. दोघांचं उत्तर जुळलं म्हटल्यावर पुढं नऊ वर्षं त्या माणसानं स्वतःच्या कानांवर भरवसा ठेवला नाही. आणि त्यांचे कान शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होते.