आईच्या एसीचे बारा युनिट

मंडळी, आई उष्माघाताने रत्नागिरीला आयसीयूत आहे. तिचे कपडे न्यायला आज सकाळी राजापूरच्या घरी आलो.

मार्चमध्ये मीच तिच्या खोलीत एसी बसवला होता. "तासाला दीड युनिट, आठ तासांचे बारा. बिल मी मुंबईहून भरीन, तू बिनधास्त लाव," असं तिला सांगितलं होतं. बिल माझ्या अंदाजापेक्षा फारच कमी येत होतं. मी मूर्खासारखा खूश होतो.

आज शेजारच्या काकी म्हणाल्या, "अरे, तुझा व्हिडिओ कॉल आला की लावायची. तू ठेवलास की लगेच बंद. म्हणायची, पोराचे पैसे कशाला जाळू?"

तुमच्याही आईचं बिल कमी येतंय? मग फोनवर विचारू नका. घरी जाऊन बघा.