झुलाल मिस्त्री आणि भंवरीबाईंचा संडास

...तर झुलाल मिस्त्रीनं तुंबलेल्या भांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ बाहेर जाऊन चेंबरचं झाकण उचललं, इथवर काल आलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. साल एकाहत्तर, गाव पाचोरा. माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून रतनलालशेठचं घर. त्यांच्या आईचं, भंवरीबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं म्हणून शेठनं परसातला, रोज मैला उचलून न्यावा लागणारा टोपलीचा संडास काढून घराला लागूनच सेप्टिक टाकीचा बांधला. सहा महिन्यांत तो तुंबला. गवंडी बन्सीलाल म्हणाला, "टाकी लहान पडली. फरशी फोडू. महिना लागेल." ते ऐकून म्हातारीनं जेवणच सोडलं. दोघींच्या खांद्यावर लोंबकळत नाल्याकडे जाण्यापेक्षा उपाशी बरं, म्हणे.

तेव्हा शेठनं झुलालला बोलावलं. तो मूळचा धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. वरणगावच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांत नळ टाकता टाकता हे काम शिकलेला. चेंबरमध्ये डोकावून तो हसला.

"बन्सीभाऊ, टाकी भरेल राहती ते हाई चेंबर भरतं ना? हाई ते कोरडं शे."

म्हणजे अडलं होतं ते अलीकडेच, भांड्याखालच्या वाकड्या नळात. बांबूला गोणपाट गुंडाळून त्यानं दहा-बारा दणके दिले. पाणी हललं नाही. मग सदरा काढून खांद्यापर्यंत हात घातला आणि करड्या चिखलाचे गोळे बाहेर काढायला लागला. अर्धं घमेलं भरलं! एक गोळा बोटांत चुरून बघितला आणि शेठच्या बायकोला, सुगनबाईंना, विचारलं, "अक्का, हात कशानं धुतस तुम्ही?"

"राखेनं. तीनदा. आतच. आमच्यात शिस्त आहे."

घरात बारा माणसं! टोपलीच्या संडासात राख पडली तर उलट बरंच असायचं, वास दबायचा. इथं ती वाकड्या नळाच्या तळाशी बसत गेली आणि सिमेंटसारखी आवळली.

"राखना डबा बाहेर ठेवा, मोरीवर," झुलाल म्हणाला.

"अन् दाराची कडी? घाण हातानं उघडायची?"

"देवनी दोन हात दिधात ना, अक्का!"

शेठ तोंडावर उपरणं धरून हसले. बन्सीलालनं पहार भिंतीला टेकवून ठेवली. झुलालनं वरून तीन बादल्या ओतल्या. पाणी घुर्र करून गेलं आणि बाहेर चेंबरमध्ये खळखळलं. ते मी दुकानात बसून ऐकलं, खरं सांगतो.

पडवीतल्या खाटेवरून भंवरीबाईंनी हाक मारली, "बेटा, मी जेवू ना आता? पुन्हा तर अडणार नाही?"

साबणानं हात धुता धुता झुलाल जे बोलला, ते जसंच्या तसं लिहितो:

"माय, पोटभर जेवी ल्या. रस्ता बठ्ठा मोकळा शे. अनी अडकनं ते माले बलावा, पन उपाशी नका ऱ्हा."